बाळाचं डोकं का वळतं

नर्सिंग स्कूलमध्ये बाळंतपण शिकवायला एक खरं कमरेचं हाड आणि एक कापडी बाहुली असायची. बाहुलीचं डोकं हाडाच्या कड्यात आडवं घालायचं, हनुवटी छातीला टेकवायची आणि खाली सरकवता सरकवता ते पाव वळण फिरवायचं. तोंड आईच्या पाठीकडे आलं की डोकं बाहेर, मग खांदे पुन्हा फिरवून सोडवायचे. 'मेकॅनिझम ऑफ लेबर' म्हणून हे आम्ही पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, आणि पुढे नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या सरकारी दवाखान्यांत, नोकरीची सगळी वर्षं हाताखाली अनुभवलं. पण डोकं वळतं का, हे कुणी शिकवलं नाही. गाय वितानाचं वासरू पुढचे पाय आणि तोंड पुढे करून सरळ येतं. शेळीचं करडूही तसंच. माणसाच्याच बाळाला एवढी वळणं का घ्यावी लागतात, याचं उत्तर मला निवृत्तीनंतर वॉशिंग्टनमधल्या एका संग्रहालयात मिळायला लागलं. ते कसं मिळत गेलं, ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण माझ्यासारख्या कितीतरी सिस्टर आणि सुईणी हे न कळताच आयुष्यभर काम करतात.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी व्हर्जिनियाला गेले होते. तिला सातवा लागला होता आणि दिवसभर तिचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं. जावयांनी मेट्रोचं कार्ड काढून दिलं, फेडरल ट्रँगल स्टेशनला कसं उतरायचं ते एकदा बरोबर येऊन दाखवलं. तिथून चालत पाच मिनिटांवर स्मिथसोनियनचं नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय आहे. तिकीट नाही, हवं तितक्या वेळा जाता येतं. माझ्यासारखीला सावकाश, थोडं थोडं शिकायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. दारातून आत गेलं की गोल दालनात भला मोठा आफ्रिकन हत्ती उभा आहे. बहुतेक लोक तिथून डायनासोरकडे किंवा होप हिऱ्याकडे वळतात. मी दर वेळी माणसाच्या उगमाच्या दालनात जायची. हे दालन मार्च २०१० मध्ये सुरू झालं.

पहिल्या दिवशी मी फक्त कवट्यांच्या भिंतीपुढे उभी राहिले. ७० हून अधिक कवट्यांच्या प्रतिकृती तिथे मांडल्या आहेत, लाखो वर्षांच्या अंतराच्या. इंग्रजी पाट्या वाचायला मला वेळ लागतो, म्हणून मी एक पद्धत ठरवली: एका भेटीत एकच कोपरा घ्यायचा, पाट्यांचे फोटो काढायचे, वहीत आपल्या भाषेत उतरवायचं आणि रात्री जेवणानंतर अडलेलं लेकीला विचारायचं. ती संगणकावरून संशोधकांचे लेख काढून द्यायची. संग्रहालय बघण्याची ही रीत मला फार मानवली. एका दुपारीत सगळं पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या हाती काय लागतं कुणास ठाऊक.

आपल्याकडे 'माकडापासून माणूस झाला' असं म्हणतात आणि डोळ्यांपुढे ते एकामागोमाग एक ताठ होत जाणाऱ्या आकृत्यांचं चित्र येतं. त्या भिंतीपुढे ते चित्र टिकत नाही. चिंपांझी आपला आजोबा नाही, तो चुलत घराण्यातला आहे. त्याचा आणि आपला सामाईक पूर्वज साधारण ६० ते ८० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यानंतर आपल्या बाजूला किती शाखा फुटल्या आणि त्यातल्या किती वाळून गेल्या! ७० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर आपण होतो, युरोपात आणि पश्चिम आशियात निअँडरथल आणि आशियात डेनिसोव्हन, अशा माणसांच्याच दुसऱ्या जाती होत्या आणि इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फूट उंचीची माणसं होती. आज एकटे आपणच उरलो आहोत. हे वाचून मी बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिले.

दालनात अधूनमधून स्वयंसेवक टेबल मांडून बसतात आणि प्रतिकृती हातात देतात. तिथे एक वयस्क बाई होत्या. मी नर्स आहे म्हटल्यावर त्यांनी चिंपांझीची आणि माणसाची कवटी माझ्यापुढे उलटी ठेवली आणि काही न बोलता वाट पाहिली. मज्जारज्जू बाहेर पडतो ते भोक चिंपांझीत मागच्या बाजूला सरकलेलं, माणसात बरोबर खाली, मधोमध. म्हणजे एकाचं डोकं मणक्याच्या पुढे लोंबतं, दुसऱ्याचं मणक्यावर तोललेलं असतं. कवटीचा नुसता खालचा तुकडा मिळाला तरी तो प्राणी दोन पायांवर चालत होता की नाही याचा अंदाज घेता येतो. वाचून जे डोक्यात शिरलं नसतं, ते बोट त्या भोकाच्या काठावरून फिरवल्यावर क्षणात कळलं.

आणि चालणं फार जुनं आहे. टांझानियातल्या लेटोली इथे ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेल्या पावलांच्या खुणा १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या चमूला सापडल्या. त्या ३६ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यांची प्रतिकृती दालनात आहे. टाच, तळव्याची कमान, पुढे सरळ असलेला अंगठा, सगळं ओळखीचं. आणि तेव्हाच्या त्या जीवांचा मेंदू मात्र चिंपांझीपेक्षा थोडाच मोठा होता. आधी पाय माणसाचे झाले, डोकं पुष्कळ नंतर. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या क्रमातच होतं, पण ते कळायला मला जिना चढून वर जावं लागलं.

झालं असं की लुसीच्या कमरेच्या हाडाबद्दल वाचताना मला तुलनेला दुसरी हाडं हवी होती. लुसी म्हणजे इथिओपियात हदार इथे २४ नोव्हेंबर १९७४ रोजी डोनाल्ड जोहान्सन यांना सापडलेला सांगाडा. सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची, उंची साडेतीन फुटांच्या आसपास, सांगाड्याचा ४० टक्के भाग मिळालेला, आणि नशिबाने त्यात कमरेचं हाडही आहे. त्या टेबलावरच्या बाईंनीच सांगितलं, वरच्या मजल्यावर हाडांचं जुनं दालन आहे, तिथे जा. तिथे माशांपासून माणसापर्यंत सांगाडेच सांगाडे उभे आहेत, जुन्या धाटणीच्या काचेच्या कपाटांत. गर्दी नसते. वानरांच्या रांगेत माणूसही उभा आहे.

तिथे मी नुसती कंबर बघत राहिले. चिंपांझीच्या कमरेच्या हाडाची पाती उंच, सपाट आणि पाठीशी लागलेली. माणसाची आखूड, रुंद आणि दोन्ही बाजूंनी पुढे वळलेली, परडीसारखी. पाती बाजूला आल्यामुळे नितंबाचे स्नायू बाजूला येतात, आणि एक पाय उचलला तरी कंबर दुसऱ्या बाजूला कलंडत नाही. म्हणून आपण चालू शकतो. लुसीची पातीही आखूड आणि बाजूला वळलेली आहेत. तिची कंबर चालणाऱ्याची आहे. मात्र तिचा जन्ममार्ग आडवा रुंद आणि पुढून मागे चपटा आहे. तिच्या पिल्लाचं डोकं लहान होतं, म्हणून ते बहुधा आडवंच शिरून आडवंच बाहेर पडत असावं, असं काही संशोधकांनी मांडलं आहे.

मग डोकी वाढली. लुसीच्या जातीचा मेंदू साधारण ४५० घनसेंटिमीटर, आपला सरासरी १३५० च्या आसपास. कंबर चालण्यासाठी आधीच बांधली गेली होती आणि आता तिच्यातून मोठं डोकं बाहेर काढायचं होतं. आपला जन्ममार्ग वरच्या तोंडाशी आडवा रुंद असतो, खालच्या तोंडाशी पुढून मागे रुंद. डोकं जिथे जसं मावेल तसं वळत वळत खाली येतं. पाव वळण, मग तोंड आईच्या पाठीकडे! शिकाऊ असताना जे नुसतं घोकलं होतं, त्याचं कारण मी त्या कपाटापुढे उभी राहून, हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या ओंजळीत फिरवून समजून घेतलं. शेजारून जाणारी शाळेची मुलं बघत होती. मला फार आनंद झाला होता.

बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे असण्याचा आणखी एक अर्थ कॅरन रोझेनबर्ग आणि वेंडा ट्रेव्हाथन या दोन मानवशास्त्रज्ञ बायकांनी दाखवून दिला आहे. आईने स्वतःच हात घालून बाळाला पुढे ओढलं तर त्याची मान उलट्या बाजूला वाकेल. गळ्याभोवतीची नाळ सोडवायची, तोंडातला चिकटा पुसायचा, हे तिला स्वतःला कठीण जातं. म्हणून माणसाच्या मादीला बाळंतपणात दुसऱ्या कुणाचे तरी हात हवे असतात, आणि ही गरज फार प्राचीन असावी असं त्यांचं म्हणणं. सातपुड्यात दोरीला धरून उकिडव्या बसणाऱ्या बायकांच्या पाठीशी मी म्हाताऱ्या सुईणी बसलेल्या पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे आम्ही शिकलेल्या लोकांनी किती तुच्छतेने पाहिलं! निर्जंतुक ब्लेड आणि वेळेवर रेफर करणं शिकवायला हवंच होतं, ते जीव वाचवतं. पण उकिडवं बसल्याने खालचं तोंड थोडं अधिक उघडतं, हे त्या बायका जाणून होत्या, आणि आम्ही त्यांना टेबलावर उताणं झोपवत राहिलो.

इथवर मला वाटत होतं की गोष्ट पूर्ण झाली. कंबर अरुंद, डोकं मोठं, म्हणून बाळ कच्चंच, लवकर बाहेर येतं. शेरवुड वॉशबर्न यांनी १९६० मध्ये हेच मांडलं होतं आणि पुस्तकांत अजून तेच असतं. पण लेकीने एका रात्री हॉली डन्सवर्थ यांचा २०१२ चा लेख वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं असं की बाळ नऊ महिन्यांनी बाहेर येतं ते कंबरेमुळे नाही, आईच्या शक्तीमुळे. शरीर स्वस्थ असताना जेवढी ऊर्जा जाळतं त्याच्या दुपटीच्या थोडं पुढेपर्यंतच गरोदर बाई दीर्घकाळ तग धरू शकते. नवव्या महिन्यात बाळाची भूक त्या कडेला येऊन टेकते. त्यापुढे पोटात पोसणं आईला झेपत नाही, म्हणून कळा सुरू होतात. जन्मताना आपल्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या ३० टक्क्यांहून कमी असतो, चिंपांझीचा ४० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे आपलं बाळ इतकं असहाय दिसतं. दोन मतांमध्ये अजून वाद आहे. मला विचाराल तर दोन्हीत तथ्य दिसतं, पण दुसरं मत माझ्या डोळ्यांपुढे घडलेलं आहे. पोटभर न जेवता शेवटच्या आठवड्यापर्यंत मजुरीला जाणारी बाई कशी संपत जाते, ते मी पाहिलं आहे.

लेकीची कंबर तेव्हा सारखी दुखायची. त्यावरही उत्तर सापडलं. बायकांच्या कमरेतले तीन मणके पाचरीच्या आकाराचे असतात, पुरुषांचे दोन. २००७ मध्ये कॅथरीन व्हिटकम आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. पोट पुढे आलं की बाई मागे झुकून तोल सांभाळते, तो भार त्या तीन मणक्यांवर विभागला जातो. आणि लाखो वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रॅलोपिथेकस (लुसीच्या कुळातल्या) मादीच्या कण्यातही हीच रचना दिसते. मी तिला म्हटलं, "अगं, दुखतंय ते खरंच, पण तुझी पाठ या कामासाठी फार आधीपासून तयार आहे." तिने ते वाक्य नवऱ्यालाही ऐकवलं.

निअँडरथलांच्या कोपऱ्यात एक खरा सांगाडा आहे, प्रतिकृती नाही. इराकच्या कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेत राल्फ सोलेकी यांना १९५७ मध्ये सापडलेला, क्रमांक ३. चाळीस-पन्नास वर्षांचा पुरुष. डाव्या बाजूच्या नवव्या बरगडीवर टोकदार हत्याराचा घाव आहे आणि हाड भरून यायला सुरुवात झालेली दिसते. म्हणजे जखम झाल्यावर तो लगेच गेला नाही, काही आठवडे जगला. बरगडीत इतका खोल घाव म्हणजे श्वास घेणं मुश्कील, कुशीवर वळणं अशक्य. त्याला पाणी कुणी पाजलं असेल? केनियात कूबी फोरा इथे मिळालेल्या सुमारे १७ लाख वर्षांपूर्वीच्या एका होमो इरेक्टस (आपल्या आधीची एक मानवजात) बाईची हाडं तर रोगाने विचित्र जाड झालेली आहेत. मांसाहारी प्राण्यांचं यकृत खाऊन अ जीवनसत्त्वाची विषबाधा झाली असावी असं काही संशोधक म्हणतात, काहींना वेगळा आजार वाटतो. कारण काहीही असो, हाडावर एवढा थर चढेपर्यंत ती वेदनेत कित्येक आठवडे जगली, आणि हिंस्र श्वापदांच्या त्या माळावर ती एकटी जगली नसणार. शुश्रूषा हा धंदा किती जुना, हे सांगणारा पुरावा मी प्रथमच पाहत होते. त्या काचेपुढून मला लवकर हलवेना.

दालनात जॉन गर्ची यांनी घडवलेले कांस्य पुतळे आहेत. त्यात एक निअँडरथल आई आणि तिचं लहान मूल आहे. लोक त्यांना हात लावतात, मीही लावला. या बाईशी आपलं नातं आहे, हे उपमेने म्हणत नाही. आफ्रिकेबाहेरच्या आपणा सर्वांच्या जनुकांत एक ते दोन टक्के वाटा निअँडरथलांचा आहे. प्राचीन हाडांतून डीएनए वाचण्याची ही विद्या उभी करणाऱ्या स्वान्ते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. त्यांच्याच चमूने २०२० मध्ये दोन गोष्टी दाखवल्या. एक, गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाशी संबंधित एक निअँडरथल जनुकरूप युरोपातल्या जवळजवळ दर तीन बायकांपैकी एकीत आहे, आणि ते असलेल्यांत सुरुवातीच्या महिन्यांतला रक्तस्राव आणि गर्भपात कमी आढळतात. दुसरी गोष्ट आपल्या जवळची. कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा गुणसूत्र ३ वरचा एक तुकडा निअँडरथलांकडून आला आहे, आणि तो दक्षिण आशियात सुमारे ५० टक्के लोकांत आहे, युरोपात सुमारे १६ टक्के. ते वाचताना मला वॉर्डातले चेहरे आठवले. वय, मधुमेह, ऑक्सिजन वेळेवर मिळणं न मिळणं, हे सगळं त्या तुकड्याहून मोठं होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. तरीही शेजारच्या दोन खाटांवरचे सारख्या वयाचे दोघे, एक घरी जातो आणि एक जात नाही, त्याच्या कारणांत पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वीची एक भेटही असू शकते.

उत्क्रांती म्हणजे संपलेली गोष्ट, असं वाटणाऱ्यांनी सातपुड्यात यावं. सिकलसेलचं, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराचं, जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर मुलाला असह्य वेदना, वारंवार पंडुरोग. एकाकडूनच आलं तर ते जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण देतं. म्हणून जिथे मलेरिया पिढ्यान्पिढ्या राहिला तिथेच ते टिकलं. भिल्ल आणि पावरा पोरांच्या बोटाला सुई टोचून मी कितीतरी चाचण्या केल्या. आयांना वाटायचं की आपल्या जातीला शाप आहे. 'तुमच्या पूर्वजांना या जनुकाने तापातून वाचवलं' हे वाक्य तेव्हा मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

नात झाली, सुखरूप. भारतात परतल्यावर मी माझी वही एएनएमचं (गावपातळीवरच्या नर्स-सुईणीचं) शिक्षण घेणाऱ्या मुलींना वाचून दाखवली. एका मुलीने विचारलं, "सिस्टर, आता एवढे सिझर होतात. मग ज्यांची कंबर अरुंद त्यांच्या मुलीही वाचणार, त्यांचीही कंबर अरुंद. पुढे सगळ्यांचंच सिझर करावं लागेल का?" प्रश्न इतका नेमका होता की मी तो लेकीला पाठवला. व्हिएन्नातल्या फिलिप मिट्टेरोकर यांनी २०१६ मध्ये नेमकं हेच गणित मांडलं आहे. डोकं न मावण्याचं प्रमाण दर हजारी ३० होतं ते सिझरमुळे दोन पिढ्यांत ३३ ते ३६ पर्यंत गेलं असावं, असा त्यांचा अंदाज. पण ते गणिती प्रारूप आहे, प्रत्यक्ष मोजमाप नाही, आणि त्यावर आक्षेपही आहेत. सिझरचा आकडा ज्या वेगाने वाढला आहे, तो या हिशेबाने समजावता येत नाही.

त्या मुलींना मी दुसरंही सांगितलं. कमरेचं हाड वयात येताना आणि त्यानंतरही वाढत असतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न झालेली, लहानपणापासून अर्धपोटी राहिलेली, हिमोग्लोबिन सातवर आलेली मुलगी तुमच्या लेबर रूममध्ये अडून पडेल, तेव्हा लुसीला दोष देऊ नका. तिची उंची टेपने मोजा, पहिल्या भेटीतच कार्डावर लिहा, लोहाच्या गोळ्या ती घेते आहे का ते घरी जाऊन बघा, आणि एकशे पंचेचाळीस सेंटिमीटरच्या खाली असेल तर सिझरची सोय असलेल्या दवाखान्याची गाडी आधीच ठरवून ठेवा.